'युअर सिंक्लेअर'चे उतरणीचे अंक आणि मामांच्या ट्रंकेतला एक कागद

मुठाकाठ | रविवार, रात्री ९.१०

माझे मामा १९८५ ते १९९४ अशी नऊ वर्षे इंग्लंडात लेस्टरला नोकरीला होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कोथरूडच्या घराचा माळा मागच्या महिन्यात आवरायला घेतला, तेव्हा पत्र्याची एक ट्रंक खाली काढली आणि तिच्यात 'युअर सिंक्लेअर' या मासिकाचे बासष्ट अंक, वर्षावार सुतळीने बांधलेले, निघाले.

ज्यांना हे नाव परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला; १६ के स्मृतीचा १२५ पौंडांना आणि ४८ केचा १७५ पौंडांना. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा होता आणि गाणी ऐकायचा कॅसेट रेकॉर्डर हीच त्याची साठवण. 'युअर स्पेक्ट्रम' नावाचे मासिक जानेवारी १९८४ मध्ये निघाले, जानेवारी १९८६ मध्ये त्याचे 'युअर सिंक्लेअर' झाले, आणि सप्टेंबर १९९३ च्या ९३व्या अंकाने ते थांबले. आता मध्ये एक तारीख ठेवून पाहा. ७ एप्रिल १९८६ रोजी सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा धंदा ५० लाख पौंडांना अॅमस्ट्रॅडला विकला. म्हणजे नवे नाव घेऊन जेमतेम चार अंक निघाले असतील-नसतील तोच ज्याच्या नावाने मासिक चालले होते तो गृहस्थच बाजारातून बाहेर पडला, आणि मासिक मात्र पुढे सात वर्षे चालत राहिले. १९९२ मध्ये यंत्राचे उत्पादनही बंद झाले. मासिक तरीही वर्षभर निघतच होते.

आमच्याकडे पुण्यात डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर भारतात काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता. मामा तीन-चार अंक साठले की जहाजाच्या टपालाने पाठवत, त्यामुळे ताजा अंकही आमच्या हातात पडेपर्यंत शिळा झालेला असे. त्यातले नव्वद टक्के गेम आम्हाला कधी मिळणार नव्हते हे ठाऊक असूनही आम्ही दोघे भाऊ त्यांची परीक्षणे पाठ करायचो. आता पन्नाशीत सगळे अंक ओळीने वाचताना असे जाणवते की १९९० च्या सुमारास या मासिकाचा स्वभावच बदलतो. ज्या यंत्राला पुढचा काळ उरलेला नाही, त्याच्या मालकांना दरमहा नेमके काय विकले जात होते, हा माझा प्रश्न आहे. त्या काळी तिकडे असलेल्या कोणी सांगितल्यास आनंद होईल.

थेम्सपार | रविवार, रात्री ११.३५

मी १९८९ ते १९९३ या काळात बर्मिंगहॅमला शिकत होतो आणि माझ्याकडे दुसऱ्याच्या हातून आलेला, रबरी कळांचा ४८ केचा स्पेक्ट्रम होता. वसतिगृहातल्या बाकीच्या मुलांकडे अमिगा किंवा अटारी एसटी हे जास्त ताकदीचे संगणक होते, त्यामुळे माझ्या खोलीत कोणी आले की मी त्यावर टॉवेल टाकत असे, हे आज सांगायला हरकत नाही.

स्पेक्ट्रमची तीन मोठी मासिके होती. 'सिंक्लेअर युजर' सर्वांत जुने, एप्रिल १९८२ पासूनचे. 'क्रॅश' फेब्रुवारी १९८४ मध्ये श्रॉपशरमधल्या लडलो या लहानशा गावातून निघाले; त्याच्या परीक्षकांत गावातली शाळकरी मुले होती आणि त्याची मुखपृष्ठे ऑलिव्हर फ्राय यांनी रंगवलेली असत. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे त्यांचे लॉइड मँग्रम हे गृहस्थ मुळात अस्तित्वातच नव्हते, ही बाब मला फार उशिरा कळली आणि थोडे वाईटही वाटले. 'क्रॅश' १९९२ च्या वसंतात 'सिंक्लेअर युजर'मध्ये विलीन झाले आणि 'सिंक्लेअर युजर' एप्रिल १९९३ मध्ये बंद पडले. शेवटचे पाच महिने वर्तमानपत्रांच्या दुकानात स्पेक्ट्रमवाल्यांसाठी या तिघांपैकी 'युअर सिंक्लेअर' तेवढे उरले होते.

आपण म्हणता तो बदल १९९० मध्ये मासिक डेनिस कंपनीकडून बाथ शहरातल्या फ्यूचर कंपनीकडे गेले तेव्हापासूनचा असावा. पण मालक बदलला हे त्याचे अर्धेच कारण. नवे गेम कमी होऊ लागले, तसे त्यांनी मागे वळून पाहायला सुरुवात केली. १९९१ च्या अखेरीस त्यांनी स्पेक्ट्रमच्या सर्वोत्तम शंभर गेमची यादी क्रमशः छापली. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी केलेल्या त्या यादीत पहिला क्रमांक 'डेथचेस'ला दिला होता. हा १९८३ मधला गेम, १६ केच्या यंत्रावर चालणारा, ज्यात झाडांच्या दाटीतून मोटरसायकल पळवायची, एवढेच काय ते काम. अमिगाच्या मासिकात त्या वर्षी असे काही छापले असते तर वाचकांनी वेड्यात काढले असते. आम्हाला ते पूर्णपणे बरोबर वाटले. काय विकत घ्यावे हे सांगणारे मासिक त्या यादीपाशी संपले आणि आपल्याकडे जे आहे ते किती आहे हे सांगणारे मासिक सुरू झाले.

नाठाळ | सोमवार, सकाळी १०.०५

दोन्ही प्रतिसाद सुरेख आहेत. मात्र या सगळ्या हळवेपणात एक हिशेब राहून जातो आहे. त्या अंकांच्या मुखपृष्ठावर कॅसेट चिकटवलेली असे. आरंभी एखाद्या गेमचा नमुना, मग एक जुना गेम, मग दोन, आणि पुढे पुढे तर अर्धा डझन. प्रत्येक मासिकाला शेजारच्यापेक्षा एक गेम जास्त द्यावाच लागे. ज्या मुलाला एका अंकाच्या पैशात सहा गेम मिळतात तो २.९९ पौंड मोजून एक गेम कशाला विकत घेईल? स्वस्त गेम काढणाऱ्या कंपन्यांवरच त्या वेळी स्पेक्ट्रमचा बाजार तगून होता. त्या गेल्या तशा त्यांच्या जाहिराती गेल्या, आणि जाहिराती गेल्या तशी मासिकाची पाने गेली. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घातली आणि मग आपण निष्ठावंत वाचकांसाठी अखेरपर्यंत लढलो अशी आठवण ठेवली, असे मला तरी दिसते. मुठाकाठ यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे: कॅसेट विकली जात होती, मासिक हे तिचे वेष्टण होते.

थेम्सपार | सोमवार, दुपारी १.२०

नाठाळ यांस, हिशेब बरोबर आहे, पण घटनांचा क्रम मला पटत नाही. मोठ्या कंपन्या अमिगाकडे, एसटीकडे आणि जपानी कन्सोलांकडे वळल्या त्या कॅसेटमुळे नव्हे. स्पेक्ट्रमवर गेम काढून त्यांना आता फारसे मिळणार नव्हते म्हणून. पडद्यावरच्या प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसत असल्यामुळे नायक झाडाजवळून गेला की झाडही त्याच्या रंगाचे होई. ही गोष्ट १९८३ मध्ये चालून गेली, १९९१ मध्ये दुसऱ्या यंत्रावर बत्तीस रंग दिसत असताना कशी चालावी? कॅसेटने स्वस्त गेमचा बाजार लवकर मारला हे मान्य करतो. पण तिनेच मासिकाला एखाद-दोन वर्षे जादा दिली, हेही तितकेच खरे. आणि कॅसेट हेच सर्वस्व असते तर मी ती बाजूला ठेवून आधी पत्रांचे पान उघडले नसते.

त्या मासिकाची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. परीक्षण लिहिणारा निम्मा मजकूर स्वतःच्या न्याहारीबद्दल लिही, छायाचित्रांखाली विनोदी ओळी असत, वाचकाने चूक काढली तर ती अगदी लाज न बाळगता छापली जाई. शेवटच्या वर्षी कार्यालयात मोजकीच माणसे उरली होती आणि ते वाचकांपासून लपवले जात नव्हते. तिथे घडलेली माणसे पुढे कुठे गेली तेही पाहण्यासारखे आहे. संपादक मॅट बीलबी यांनी १९९१ मध्ये 'अमिगा पॉवर' सुरू केले, आणि ज्यांनी ते वाचले आहे त्यांना त्याच्या लिहिण्यात 'युअर सिंक्लेअर'चा आवाज स्पष्ट ओळखू येईल.

शारदा_ना | सोमवार, रात्री ८.४५

मी स्पेक्ट्रम कधी हाताळलेला नाही, तरीही या धाग्यावर लिहिण्याचे कारण आहे. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले जात. मी तेव्हा एका शाळेत गणित शिकवत असे (शाळेचे नाव देत नाही) आणि आमच्याकडेही ते आले. यंत्र उत्तम होते; स्पेक्ट्रमपेक्षा महाग आणि भक्कम, असे जाणकार सांगत. पण त्याबरोबर आली ती एक मार्गदर्शक पुस्तिका आणि कुलूप असलेले कपाट. वर्षभरात ती पुस्तिका संपली. पुढे काय करायचे हे सांगणारे, चुकले तर विचारता येईल असे आमच्या आसपास कोणी नव्हते. ब्रिटनमध्ये त्याच यंत्राची स्वतंत्र मासिके निघत होती हे मला निवृत्त झाल्यावर समजले. आमची यंत्रे बिघडली नव्हती. प्लास्टिकच्या झाकणाखाली चांगल्या स्थितीत असतानाच ती जुनी झाली. मुठाकाठ, आपल्या मामांनी जहाजाने पाठवलेल्या शिळ्या अंकांचे मोल मला वाटते मी चांगले सांगू शकते.

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

शारदाताई, आपला प्रतिसाद वाचून भावाला फोन केला. तो म्हणाला, "आपल्याला रेकॉर्डरचा स्क्रू फिरवायला कोणी शिकवलं, आठवतं का?" ते त्या अंकांतूनच शिकलो होतो. कॅसेट चढेनाशी झाली आणि पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर' उमटले की रेकॉर्डरच्या झाकणाजवळच्या बारीक छिद्रात घड्याळजीचा पेचकस घालून वाचणाऱ्या डोक्याचा कोन किंचित बदलायचा आणि आवाज जास्तीत जास्त तीक्ष्ण झाला की थांबायचे. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे दिसायचे, मग निळे-पिवळे बारीक. निळे-पिवळे नीट धावू लागले की आम्ही श्वास सोडायचो. आवाजाच्या चकतीवर योग्य जागी आईच्या नेलपॉलिशचा ठिपका दिलेला होता, आणि त्या चार-पाच मिनिटांत घरात कोणी मिक्सर लावायचा नाही असा दंडक होता.

'पोक'चे, म्हणजे स्मृतीतल्या एखाद्या पत्त्यावर हवी ती संख्या ठेवणाऱ्या आज्ञेचे, तसेच. 'मॅनिक मायनर' या गेमसाठी 'पोक ३५१३६,०' हा मंत्र आम्हाला आजही पाठ आहे. त्या पत्त्यावर नायकाचा एक प्राण कमी करणारी आज्ञा असते, तिच्या जागी शून्य ठेवले की झेड-८० प्रक्रियक त्या जागी काहीच न करता पुढे जातो आणि प्राण संपतच नाहीत. तेव्हा ही लबाडी वाटायची. पण दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम ही दगडावरची रेघ नाही, आत हात घालून तो बदलता येतो, हे मला कळले ते त्याच लबाडीतून, आणि पुढे पंचवीस वर्षे मी त्यावर पोट भरले.

आता ज्यासाठी खरे म्हणजे हा धागा काढला तो भाग. ट्रंकेत १९९१ च्या एका अंकात चौकटींच्या वहीतला, घडी घातलेला कागद मिळाला. मामांच्या अक्षरात बेसिक या संगणकभाषेतला प्रोग्रॅम आहे आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'प्रोग्रॅम पिटस्टॉपसाठी' असे लिहिले आहे. वाचकांनी पाठवलेले प्रोग्रॅम छापायचे ते त्या मासिकातले सदर. मामांनी असे काही लिहिले होते हे घरात कोणालाही माहीत नव्हते. आम्ही त्यांना अंक पाठवणारा माणूस एवढेच समजत होतो. मी तो एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, उतरवतो आहे, पण एका डेटाच्या ओळीत ओल लागून शाई पसरली आहे. ओळ अशी आहे: ६०, ६६, १▢५, १२९, १६५, १५३, ६६, ६०. तिसऱ्या संख्येचा मधला अंक अजिबात वाचता येत नाही. काही सुचते का?

दुभाषा | मंगळवार, दुपारी ४.१५

संख्येचे कोडे जाणकारांकडे सोपवून मूळ प्रश्नावर एक भर घालतो. मी १९९१ ते १९९४ मॉस्कोत शिकत होतो. ज्या काळात तुमच्याकडचे अंक कृश होत होते, त्याच काळात तिकडे 'झेडएक्स-रेव्यू' नावाचे मासिक नव्याने सुरू झाले, १९९१ मध्ये, इन्फॉरकॉम या संस्थेकडून. तिथे मूळ स्पेक्ट्रम क्वचितच कोणी पाहिला असेल. सिंक्लेअरची खास चिप मिळत नसल्यामुळे तिचे काम डझनावारी साध्या चिपांवर वाटून लोकांनी घरीच सर्किटच्या पाट्या डागून यंत्रे बनवली होती. इंग्रजी माहितीपत्रके नव्हती, दुरुस्तीचे दुकान नव्हते, त्यामुळे 'झेडएक्स-रेव्यू'मध्ये गेमची परीक्षणे थोडी आणि यंत्राच्या पोटातला मजकूर फार. आमच्या मजल्यावर त्याची एक प्रत सहा खोल्यांत फिरे, आणि माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या समासात पाच जणांच्या दुरुस्त्या असायच्या. पुढे मॉस्कोत आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्लॉपीवरची मासिकेही निघाली, 'स्पेक्ट्रोफोन' आणि 'झेडएक्स-फॉर्मेट' ही त्यांतली दोन.

स्पेनमध्ये माद्रिदहून निघणारे 'मिक्रोऑबी' नोव्हेंबर १९८४ ते जानेवारी १९९२ या काळात २१७ अंक चालले. ते आरंभी साप्ताहिक होते, नंतर पाक्षिक झाले, अखेरीस मासिक. यंत्राचा ऱ्हास वाचायचा असेल तर यापेक्षा सोपा आलेख सापडणार नाही.

अंजनी_ब | मंगळवार, रात्री १०.००

मुठाकाठ, तुमच्या ओळीत आठ संख्या आहेत आणि प्रत्येक २५५ च्या आत आहे, तेव्हा ती एका अक्षराची आकृती असणार. स्पेक्ट्रमवर स्वतःची एकवीस चित्रे बनवता येत. प्रत्येक चित्र आठ ओळींचे आणि प्रत्येक ओळ म्हणजे आठ ठिपक्यांची एक संख्या. वहीच्या चौकटी भरून पाहा. ६० म्हणजे मधले चार ठिपके भरलेले. ६६ म्हणजे दोन्ही टोकांकडून दुसरा. १२९ म्हणजे फक्त दोन टोके. वर्तुळ दिसू लागले असेल.

वाचता येणाऱ्या सातही ओळी डावीकडून आणि उजवीकडून सारख्याच आहेत. म्हणून १०५ पासून १९५ पर्यंतच्या दहा शक्यतांपैकी उलटसुलट सारख्या असणाऱ्या तेवढ्या ठेवल्या. १०५ गेली, ११५ गेली, १२५ गेली, अशा आठ गळतात आणि दोनच उरतात: १६५ आणि १९५. १६५ ठेवली तर टोके भरून आत दोन सुटे ठिपके येतात, म्हणजे डोळे. खालच्या १६५ आणि १५३ मिळून हसरे तोंड होते. १९५ ठेवली तर कडा तेवढ्या जाड होतात आणि चेहऱ्याला डोळेच राहत नाहीत. माझे मत अर्थातच १६५.

नाठाळ | मंगळवार, रात्री १०.४०

युक्तिवाद आवडला, पण डोळे हवेतच हा आपला आग्रह झाला. मामांनी आंधळा चेहरा काढला नसेल कशावरून? मिटलेल्या डोळ्यांचा? एखाद्या गेममधले झोपलेले पात्र?

अंजनी_ब | मंगळवार, रात्री ११.०५

शंका रास्त आहे. आकृतीवरून यापुढे जाता येणार नाही. मात्र मुठाकाठ, त्या ओळीच्या आसपास बेरीज करणारी ओळ आहे का ते पाहा. स्पेक्ट्रमवर एका कळीने अख्खा शब्द उमटत असल्यामुळे 'प्रिंट'चे शुद्धलेखन चुकणे शक्यच नव्हते, आणि रचना चुकली तर यंत्र ती ओळ स्वीकारतच नसे. पण डेटात १६५ ऐवजी १५६ टंकले तर ते निमूटपणे घेई आणि अर्ध्या तासाने सगळे कोलमडे. त्यामुळे छापण्यासाठी प्रोग्रॅम पाठवणारे लोक बहुधा शेवटी सर्व संख्यांची बेरीज तपासत. तुमच्या मामांनी इतके अंक वाचले होते, तर तेवढी खबरदारी ते विसरले नसावेत.

मुठाकाठ | बुधवार, सकाळी ६.५०

मी कागदाची एकच बाजू उतरवली होती, मागची पाहिलीच नव्हती. मागे तीन ओळी आहेत आणि पहिलीत अट घातली आहे की बेरीज ८६४ नसेल तर 'लाइन ४० पुन्हा तपासा' असे पडद्यावर छापावे. तेही रोमन लिपीतल्या मराठीत. वाचता येणाऱ्या सात संख्यांची बेरीज ६९९ होते, म्हणजे हरवलेली संख्या १६५.

नाठाळ, चेहऱ्याला डोळे आहेत. प्रोग्रॅम चालवला तर तो चेहरा पडद्याच्या डावीकडून उजवीकडे जातो, कडेला आपटतो आणि परत फिरतो. बाकी त्यात काहीही नाही, आणि खरे सांगायचे तर छापण्याच्या लायकीचा तो नव्हताही. सूचना मराठीत असलेला प्रोग्रॅम बाथच्या कार्यालयाला पाठवायचा त्यांचा विचार होता, की तो पुण्याला आमच्यासाठी होता आणि कोपऱ्यातली ओळ नंतरची, हे आता कागदावरून ठरवता येत नाही. पेन्सिल आणि शाई वेगवेगळ्या दिवशीच्या असाव्यात असे भावाला वाटते. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आज संध्याकाळी चढवतो.